शेवटचा हात

आमच्या समाजाला कार्यारंभाची जितकी हौस आहे तितकी कार्यसमाप्तीची नाही, याचा पुरावा शोधण्यासाठी एखाद्या दप्तरखान्याची पायरी चढण्याचे कारण नाही. सुशिक्षित, मध्यमवर्गीय, आणि तारुण्यात निदान एकदा तरी कविता सुचून गेलेल्या कोणत्याही गृहस्थाच्या कपाटाचा सर्वांत खालचा खण ओढून पाहिला म्हणजे पुरे. त्या खणात, विम्याच्या जुन्या पावत्या आणि मुलांच्या जन्मपत्रिका यांच्या सान्निध्यात, पहिले दोन अंक लिहून झालेले एक सामाजिक नाटक, नायिका नदीकाठी उभी असताना थांबलेली एक कादंबरी, अथवा सातवा सर्ग तेवढा बसवून घ्यायचा राहिलेले एक खंडकाव्य हमखास सापडते. त्याविषयी मालकाकडे विचारणा केली असता, "ते होय? ते होतच आले आहे," असे जे उत्तर मिळते त्यातील प्रसन्न आत्मविश्वास पाहिल्यावर, ती नायिका कित्येक पावसाळे त्याच नदीकाठी चिंब भिजत उभी आहे, याची आठवण करून देणे सभ्यपणाला धरून होत नाही.

वस्तुतः आरंभाचे जेवढे शास्त्र आपल्याकडे आहे तेवढे क्वचितच अन्यत्र असेल. मुहूर्त पाहावा, वहीच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटे लावावीत, पहिल्या पानाच्या शिरोभागी 'श्री' काढावा, स्नेह्यांना चहाला बोलावून संकल्पित ग्रंथाची रूपरेषा सांगावी, त्यांनी 'या विषयावर मराठीत काहीच नाही हो!' असा उद्गार काढावा, आणि त्या उद्गाराबरोबर ग्रंथकर्तृत्वाचा निम्मा आनंद पदरात पडलेला असल्यामुळे, उरलेल्या निम्म्यासाठी चारपाचशे पृष्ठांची यातायात करावी की काय, असा व्यवहारी प्रश्न मनात उभा राहावा, हे सारे यथासांग घडते. समाप्तीचे शास्त्र मात्र पुरुषवर्गाने कधी मनावर घेतले नाही. ते घरातील स्त्रियांपाशीच राहिले. सोळा सोमवारांचे व्रत धरलेली बाई, 'आता सगळ्या सोमवारांवर एकदा शेवटचा हात फिरवते,' असे म्हणत नाही. सतराव्या सोमवारी ती उद्यापन करते, चूर्म्याचा नैवेद्य दाखवते, जेवायला बोलावलेल्यांना दक्षिणा देऊन वाटेला लावते, आणि मंगळवारी सकाळी पापडांच्या पिठाला लागते. उद्यापनावाचून व्रताचे फळ नाही हे तिला पक्के ठाऊक असते. यजमानांच्या कादंबरीचे फळ कशापायी अडले आहे, हेही तिला ठाऊक असते. परंतु ती बोलत नाही, कारण कादंबरी चालू आहे तोवर यजमान निदान घरात असतात.

या अपूर्णकर्मी मंडळींचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग साधनसंग्राहकांचा. यांना संभाजीमहाराजांवर नाटक लिहावयाचे असते. त्यासाठी आधी त्या काळचा पोशाख अभ्यासावा लागतो, पोशाखासाठी कापडाचा व्यापार, व्यापारासाठी बंदरे, आणि बंदरांसाठी पोर्तुगीज भाषा. सारांश, आयुष्याच्या अखेरीस या गृहस्थांना पोर्तुगीज क्रियापदे चालवता येतात आणि नाटकाचा पडदा मात्र वर गेलेला नसतो. दुसरा वर्ग श्रोत्यांच्या शोधात फिरणाऱ्यांचा. हे आपले लेखन इतक्या जणांना इतक्या वेळा वाचून दाखवतात, की लिहावयाचे राहिलेले प्रकरणही श्रोत्यांना तोंडपाठ होते आणि ते आता लिहिलेच पाहिजे अशी निकड कोणालाच उरत नाही. तिसरा वर्ग सर्वांत आदरणीय, सर्वांत कष्टाळू, आणि म्हणूनच सर्वांत असाध्य. यांचे काम खरोखरच झालेले असते. राहिलेला असतो तो केवळ शेवटचा हात.

आमच्या आळीत एक सेवानिवृत्त मामलेदार राहतात. त्यांच्याकडे पाहिले म्हणजे या तिसऱ्या वर्गाचे सर्व गुणधर्म एकाच मूर्तीत पाहावयास मिळतात. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी आपल्या जन्मतालुक्याचा साद्यंत इतिहास लिहावयास घेतला, आणि नोकरीतील शिस्त अंगी असल्यामुळे पहिल्या दोन पावसाळ्यांतच कच्चा मसुदा, पक्का मसुदा आणि स्वच्छ प्रत असे तिन्ही टप्पे ओलांडून, ती प्रत जुन्या दप्तरांच्या रीतीप्रमाणे तांबड्या रुमालात बांधून ठेवली. एखाद्या सामान्य मनुष्याने तो रुमाल उचलून छापखान्याची वाट धरली असती. मामलेदारसाहेबांनी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडला. 'सदरहू' हा शब्द फार वेळा आला आहे असे त्यांच्या ध्यानात आले, म्हणून त्यांनी सर्वत्र 'उपरोक्त' केले. पुढच्या उन्हाळ्यात 'उपरोक्त' हा शब्द कानाला टोचू लागला, म्हणून 'पूर्वोक्त' केले. आणि त्यापुढच्या वर्षी तालुक्याच्या इतिहासाला एक प्रकारचा कचेरीचा गंध असणेच उचित, असा विचार होऊन सर्व ठिकाणी 'सदरहू' पूर्वपदावर रुजू झाला. तळटीपांना तळटीपा फुटल्या. एका देशमुखी वतनाच्या निवाड्याची मिती काही केल्या जुळेना. "रावसाहेब, ग्रंथ कुठवर आला?" असे कोणी विचारले, की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "झालाच म्हणा ना! त्या निवाड्याची एवढी मिती पडताळली, आणि तिसरे प्रकरण किंचित सैल वाटते ते आवळले, की प्रश्न मिटला."

यातील मौज अशी, की हेच गृहस्थ हुद्द्यावर असताना त्यांच्या टेबलावर कोणतेही प्रकरण मुदतीपलीकडे पडून राहत नसे. बांधाची तक्रार असो, पैसेवारीचा वाद असो की वारसाची नोंद असो, ज्या शेतकऱ्याच्या साऱ्या वर्षाचे भवितव्य त्यांच्या एका शेऱ्यावर अवलंबून असे त्याच्या कागदावर त्यांनी 'निकाली' असे लिहून खाली सही करताना त्यांचा हात कधी थरथरला नाही. दुसऱ्याच्या जमिनीचा निकाल ज्या मनुष्याला पंधरा मिनिटांत देता येतो त्याला स्वतःच्या 'सदरहू'चा निकाल पंधरा वर्षांत देता येऊ नये, हे कोडे मला बरेच दिवस पडलेले होते. याला आळस म्हणावे, तर त्यांच्याइतके कष्ट घेणारा मनुष्य आळीत दुसरा नाही. याला चोखंदळपणा म्हणावे, तर ज्या पंचविसाव्या दुरुस्तीने मजकूर चोविसाव्याहून तसूभरही सुधारत नाही तिला चोखंदळपणा म्हणणे हा त्या शब्दावर अन्याय आहे.

कोड्याचे उत्तर त्यांच्याच खात्यात मिळते. प्रश्न गुणवत्तेचा नसून ताब्याचा आहे. ग्रंथ रुमालात आहे तोवर त्याची मालकी, कब्जा आणि वहिवाट ही तिन्ही लेखकाकडे असतात. तो छापला की कब्जा वाचकाकडे जातो, आणि मालकाला आपल्याच शेताच्या बांधावर उभे राहून परक्याने चालवलेला नांगर पाहावा लागतो. शिवाय अपूर्ण ग्रंथाइतका निर्दोष ग्रंथ दुसरा नाही. त्याच्यावर प्रतिकूल अभिप्राय येत नाही, त्याच्या प्रती रद्दीत जात नाहीत, आणि त्याची तुलना थेट इतिहासाचार्य राजवाड्यांशी करावयास कोणाची हरकत नसते, कारण तुलनेसाठी लागणारी दुसरी बाजू अजून रुमालात असते. छापलेल्या ग्रंथाची किंमत मलपृष्ठावर रुपयांत लिहिलेली असते. न छापलेल्या ग्रंथाला अमूल्य म्हणण्याची सोय राहते. एवढी सोय सोडून देण्यास मनुष्य सहजासहजी राजी होत नाही, यात नवल ते काय?

असे गृहस्थ स्वतःच्या समर्थनार्थ मोठमोठ्या नावांचे दाखले देतात, तेव्हा मात्र त्यांची उलटतपासणी घेणे प्राप्त होते. सर्वांत आवडता दाखला गडकऱ्यांचा. 'राजसंन्यास' अपूर्ण राहिले, म्हणून त्याचे तेज कमी झाले काय, असा प्रश्न विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात असा काही गहिवर असतो की त्याच्या खणातील दोन अंकही त्याच पंक्तीला बसावेत असे क्षणभर वाटून जाते. तेज कमी झाले नाही हे मान्य. परंतु गडकरी १९१९ च्या जानेवारीत सावनेर येथे वारले तेव्हा त्यांना चौतिसावे वर्ष चालू होते, आणि तेवढ्या आयुष्यात 'प्रेमसंन्यास', 'पुण्यप्रभाव', 'एकच प्याला' आणि 'भावबंधन' ही चार नाटके त्यांनी पुरी केलेली होती. आमचे स्नेही ही चार नाटके वगळून पाचव्याचेच अनुकरण करतात. मृत्यूने लेखणी काढून घेतल्यामुळे जे अपुरे राहिले त्याला शोकांतिका म्हणावे; परंतु ज्याचा रक्तदाब उत्तम आहे आणि जो रोज पहाटे पर्वती चढून उतरतो त्याच्या अपूर्णतेला तोच शब्द लावणे शोकांतिकेला मानवत नाही.

दुसरा दाखला डॉक्टर केतकरांचा. ज्ञानकोशाच्या नुसत्या प्रस्तावनेलाच पाच खंड लागले, मग आमच्या प्रस्तावनेला पाच वर्षे लागली तर बिघडले कोठे, असा युक्तिवाद मी प्रत्यक्ष ऐकलेला आहे. पाच खंडांची प्रस्तावना हा दीर्घसूत्रीपणाचा विक्रम ठरला असता, जर तिच्या मागोमाग उरलेले खंड येऊन एकूण संख्या तेवीस झाली नसती. केतकरांनी केले काय, तर आपल्या कामाची रीतसर लिमिटेड मंडळी स्थापन केली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि मग लिहावयास बसले. चहा पिऊन 'वा! वा!' म्हणणारा स्नेही आणि आगाऊ पैसे मोजून पुढच्या खंडाची वाट पाहणारा वर्गणीदार यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. स्नेह्याला आपण पाणी पाजू शकतो. वर्गणीदार आपल्याला पाजतो.

लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'चा दाखला तर इतका सोयीस्कर आहे, की तो देणाऱ्याला एकांताचा अभाव या सबबीखाली पुढील दहा वर्षांची बेगमी करता येते. मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीने, चारपाच महिन्यांत तो प्रचंड मसुदा सिद्ध झाला हे खरे. आणि भेटीस येणारे स्नेही, मुलांचे रडणे व लग्नसराई या तिन्ही आपत्तींपासून ग्रंथकाराचे संरक्षण करण्याची व्यवस्था सरकारने परस्पर केलेली होती हेही खरे. परंतु खरा धडा पुढे आहे. १९१४ मध्ये सुटका झाली, वह्या सरकारकडून परत हाती आल्या, आणि १९१५ मध्ये ग्रंथ लोकांच्या हाती पडलाही. तुरुंगात संदर्भग्रंथांची चणचण होती, आता सगळी ग्रंथालये मोकळी आहेत, तेव्हा अवतरणे एकदा निवांत पडताळून घेऊ, असे म्हणण्याचा अधिकार त्या वेळी हिंदुस्थानात कोणाला असलाच तर तो त्यांना होता. त्या अधिकाराच्या बळावर त्यांनी ग्रंथ अडवून धरला नाही.

आणि ज्यांना पडताळणीचेच वेड आहे त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे पाहावे. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम तेथे १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये संपले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहण्यात विद्वानांची एक पिढी खपली, डॉक्टर सुखटणकरांसारखे प्रधान संपादक मध्येच निवर्तले, परंतु काम पर्वापर्वाने, खंडाखंडाने बाहेर पडत राहिले. सारे महाभारत निर्दोष झाल्याखेरीज आदिपर्व दाखवणार नाही, असा हट्ट कोणी धरला नाही. याच आवृत्तीतील एक गोष्ट मला फार हृद्य वाटते. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे, परंतु लेखणी क्षणभरही थांबता कामा नये, अशी अट गणपतीने घातल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत; मजकुराच्या तगाद्याचे याहून प्राचीन उदाहरण मला माहीत नाही. हस्तलिखितांचा पुरावा पाहता ही कथा मागाहून घातलेली ठरली, आणि संपादकांनी ती मूळ संहितेतून उचलून परिशिष्टात नेऊन ठेवली. लाख श्लोकांचा ग्रंथ ज्याच्या तगाद्यामुळे पुरा झाला असे परंपरा सांगते, त्यालाच शेवटी परिशिष्टात बसावे लागले. तगादा लावणाऱ्याच्या नशिबी कृतज्ञता नसते, हे आमच्या नियतकालिकांच्या संपादकांनी यावरून ध्यानात घ्यावे.

कारण मराठी वाङ्मय ज्यांनी पुरे करवून घेतले ते खरे हे संपादकच. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक' पत्रात कादंबऱ्या क्रमशः येत तेव्हा दर आठवड्याला अंक निघणे भाग असे, आणि आठवडा संपला की नायिका यमूच्या दुःखाचा पुढचा हप्ता तयार असावा लागे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हा आपण केवळ एक अंक काढीत नसून महाराष्ट्रातील यच्चयावत लेखकांच्या मानेवर एक तिथी बसवीत आहो, याची त्यांना कितपत कल्पना होती कोण जाणे! नरकचतुर्दशी पुढे ढकलता येत नाही. लेखकाला ज्वर आला, नायकाला पश्चात्ताप झाला नाही, खलनायकाचे काय करावे हे सुचले नाही, तरी अभ्यंगस्नानाच्या आधी अंक दुकानात लागलेला असावा लागतो; आणि म्हणून भाद्रपदात ज्या कथेला आणखी वर्षभर मुरू द्यावे असे लेखकाचे प्रामाणिक मत असते ती आश्विनात छापून येते आणि लोकांना आवडतेही. आमच्या टीकाकारांनी प्रतिभेच्या स्वरूपावर बरेच लिहिले आहे. पंचांगाच्या वाङ्मयीन कार्याकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष झाले, याचा खेद वाटतो.

आपले पूर्वज याबाबतीत आपल्याहून सावध होते. शिवकालीन पत्र पाहावे: शिरोभागी राजमुद्रा, मध्ये मजकूर, आणि मजकूर संपताच, शेवटच्या अक्षराला लागून, 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तबाची मुद्रा. तिच्या खाली एक अक्षरही घालण्याची सोय नाही. ही योजना लबाडाने मागाहून मजकूर घुसडू नये म्हणून असे, हे उघड आहे. परंतु चिटणीसाच्या टाकालाही तिचा धाक वाटत असला पाहिजे. मोर्तब झाले, कागद जासुदाच्या कमरेला गेला, घोडा सुटला. आता 'तिसरा परिच्छेद जरा सैल वाटतो' हे कोणाला सांगणार? 'बहुत काय लिहिणे' असे लिहून खरोखरच न लिहिणारी ती माणसे होती. ती गेली आणि मागे 'ता. क.' लिहिणारे आपण उरलो. पोस्टकार्डाची पाठ, पोट आणि पत्त्याच्या शेजारची जागा संपल्यावर समासातून उभ्या ओळीत खुशाली विचारणारे काकांचे पत्र ज्याने वाचले आहे, त्याला कादंबऱ्या का संपत नाहीत हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

समाप्तीची कला अजूनही ज्यांच्या हातात जिवंत आहे अशी माणसे पाहावयाची असतील तर श्रावण सरता सरता कोकणातील एखाद्या गणपतीच्या शाळेत जाऊन बसावे. ही शाळा म्हणजे बहुधा मूर्तिकाराची पडवीच. बाहेर पाऊस कोसळत असतो, आत शाडूचा ओलसर वास भरलेला असतो, आणि भिंतीकडेने पाट मांडून ठेवलेले असतात. कारण येथे गिऱ्हाईक मूर्ती घ्यावयास येण्याआधी आपला पाट आणून देतो. त्या पाटावर खडूने घराचे नाव लिहिलेले असते, आणि त्या रिकाम्या पाटाइतका निर्दय तगादा मी दुसरा पाहिलेला नाही. तो बोलत नाही, रागावत नाही, नुसता रिकामा असतो. चतुर्थीला त्या घरी मखर सजलेले असणार, मुंबईहून चाकरमानी आलेले असणार, आणि पाट रिकामा जाणार नाही, एवढे गृहीत धरून सगळे चाललेले असते.

अशा एका शाळेत मी काही काळ खांबाला टेकून बसलो होतो. वृद्ध मूर्तिकार डोळ्यांची आखणी करीत होते. हे काम शेवटचे आणि ते दुसऱ्या कोणाकडे द्यावयाचे नाही असा त्यांचा नेम. कुंचल्याचे टोक ओठांनी बारीक करावयाचे, डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार द्यावयाचा, श्वास रोखावयाचा आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढावयाची; मध्ये थांबले तर तेथे गाठ पडते, ती पुसता येत नाही. त्यांचा पुतण्या कोपऱ्यात एका उंदराच्या मिशा रंगवीत बसला होता. पुष्कळ वेळ झाला तरी मिशा संपेनात, तेव्हा म्हाताऱ्याने मान वर न करता विचारले,

"काय रे, त्या उंदराला बोहल्यावर चढवायचा आहे काय?"

"काका, डाव्या मिशा जरा जाड झाल्या."

"होऊ देत. ठेव तो, आणि खालच्या वाडीचा पाट पुढे घे."

पुतण्याने पाट घेतला, परंतु शिकाऊ माणसाचा जीव तो, डोळे आखून झालेल्या मूर्तीकडे जाता जाता पाहिलेच, आणि नाकाशी बोट नेऊन म्हणाला, "काका, ह्याचं सोंडेपाशी किंचित..." म्हाताऱ्याने कुंचला खाली ठेवला. "डोळे आखले की हात लावायचा नाही. आता तो तुझ्याकडे बघतो आहे. बघणाऱ्याच्या नाकाला बोट लावतात होय? सोंड पुढल्या वर्षी नीट कर."

'पुढल्या वर्षी' हे दोन शब्द त्या पडवीत जितक्या सहजपणे उच्चारले गेले तितक्या सहजपणे ते आमच्या ग्रंथकारांच्या तोंडून निघते, तर मराठी ग्रंथालयांना जागा पुरली नसती. मूर्तिकाराला या वर्षीच्या सोंडेचा दोष याच मूर्तीत सुधारावयाचा नसतो. त्याला पुढची मूर्ती असते, तिच्यापुढची असते, आणि हा दोष त्या रांगेत कोठे तरी नाहीसा होतो. ज्याने जन्मात एकच मूर्ती घडवावयास घेतली आहे आणि तीही देणार नाही, त्याला सोंड सुधारावयास दुसरी जागाच राहत नाही. म्हणून तो त्याच सोंडेवर हात फिरवीत बसतो, आणि फार हात फिरवलेल्या शाडूचे जे होते ते तिचे होते.

आमच्या मामलेदारसाहेबांचा ग्रंथ अखेरीस बाहेर पडला तो असाच परक्या पाटामुळे. थोरल्या नातवाची मुंज ठरली. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर सौभाग्यवतींनी परस्पर छापखान्यात दिला, आणि 'बटूच्या आजोबांनी लिहिलेल्या तालुक्याच्या इतिहासाची एकेक प्रत याप्रसंगी आप्तेष्टांस सस्नेह भेट देण्यात येईल' अशी ओळ तीत आहे, हे मामलेदारसाहेबांना कळले तेव्हा निम्म्या पत्रिका टपालात पडलेल्या होत्या.

"अगं, पण ती निवाड्याची मिती? आणि तिसरं प्रकरण?"

"मितीचं मला काही कळत नाही. मुंजीची मिती ठरलेली आहे. तिसऱ्या प्रकरणापायी मुलाला नववं लागू देणार आहात का?"

यावर अपील नव्हते. रुमाल छापखान्यात गेला. त्यानंतरही मामलेदारसाहेब तीनदा दुरुस्त्या घेऊन गेले. पहिल्या वेळी जुळाऱ्याने त्या मुकाट्याने घेतल्या, दुसऱ्या वेळी कपाळाला आठी घातली, आणि तिसऱ्या वेळी मालकांनी बाहेर येऊन, "साहेब, फर्मा मशीनवर चढला," एवढेच सांगितले. आयुष्यभर इतरांना 'मुदत टळली' असे सांगणाऱ्या त्या गृहस्थाने ते वाक्य प्रथमच दुसऱ्या बाजूने ऐकले. घरी आल्यावर दुपारी त्यांना गाढ झोप लागली, असे सौभाग्यवती सांगतात.

प्रकाशनानंतर पृथ्वी दुभंगेल अशी जी भीती लेखकांना वाटते ती निराधार आहे. पृथ्वीला सहसा पत्ताच लागत नाही. मुंजीच्या मंडळींनी ग्रंथ लाडवाच्या पुड्याबरोबर घेतला. कोणी कागद चांगला वापरल्याबद्दल प्रशंसा केली, कोणी आपल्या पणजोबांचा उल्लेख नसल्याबद्दल रुसवा धरला, आणि तिसरे प्रकरण सैल आहे असे कोणीही म्हटले नाही, कारण तेथवर कोणी पोहोचले नव्हते. एका आठवड्याने मात्र त्या तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांचे जाड पाकीट आले. त्यांनी ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला होता, त्यातील चुका क्रमवार लिहून काढल्या होत्या, आणि सोबत आपल्या घरच्या कागदांतील एका महजराची नक्कल जोडली होती. त्या नकलेत देशमुखी वतनाच्या निवाड्याची मिती स्वच्छ अक्षरात होती. जिच्यासाठी मामलेदारसाहेबांनी एवढे पावसाळे ग्रंथ अडवून धरला ती मिती एका माळ्यावरच्या पेटीत पडून होती, आणि ग्रंथ बाहेर पडल्यावाचून ती पेटी उघडण्याचे कोणालाही कारण नव्हते. शेवटचा हात म्हणून ज्याची आपण वाट पाहत बसतो तो पुष्कळदा आपला नसतोच. तो वाचकाचा असतो, आणि वाचकाच्या हाती काही दिल्याखेरीज तो फिरत नाही.

मामलेदारसाहेब त्या पत्राने इतके उत्तेजित झाले, की त्यांनी त्याच दिवशी शुद्धिपत्र लिहावयास घेतले. ते फार थोड्या अवधीत पुरे झाले. परंतु दुसऱ्या दिवशी वाचून पाहता त्याचा दुसरा परिच्छेद किंचित सैल वाटला, आणि शुद्धिपत्रच काढावयाचे तर सुधारून वाढवलेली द्वितीयावृत्तीच का काढू नये, असा विचार त्यांनी चहाच्या वेळी सौभाग्यवतींपाशी बोलून दाखवला. त्यांनी कपात साखर ढवळता ढवळता मनाशी काही हिशेब केला आणि त्या म्हणाल्या, "काढा की. धाकट्याच्या मुंजीला अजून अवकाश आहे. पण पत्रिका मी आत्ताच सांगून ठेवते."